‘आता इस्रो हवी कशाला?’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘स्पेसएक्सने सरकारशिवाय करून दाखवलं. खासगी कंपन्या स्वस्तात रॉकेट उडवतात. मग नासा-इस्रोवर करदात्यांचा पैसा कशाला?’

‘सरकारशिवाय’ हे साफ चूक. स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणं फसली. २८ सप्टेंबर २००८ ला चौथं जमलं, तोवर तिजोरीत खडखडाट होता. त्याच डिसेंबरात नासाने अवकाश स्थानकावर १२ वेळा माल पोहोचवायचं १६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं आणि कंपनी तरली. आपल्याकडचं पहिलं खासगी रॉकेट विक्रम-एस २०२२ मध्ये उडालं तेही इस्रोच्या श्रीहरिकोट्यावरूनच.

‘खासगीवाले बनवतात’ हे खरं, पण नवं नाही. इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार होतात, घन इंधन जाळणाऱ्या मोटारींची आवरणं वालचंदनगरला. पाच पीएसएलव्ही रॉकेटं बांधायचं काम २०२२ मध्येच सरकारी एचएएल आणि खासगी एल अँड टीकडे गेलं. तेच ते रॉकेट पुन्हा पुन्हा बांधणं इस्रोने सोडावंच, असं माझंही मत आहे.

पण ज्याला पैसेवालं गिऱ्हाईकच नाही, ते काम कोण करणार? इस्रोचा ओशनसॅट उपग्रह समुद्राचा रंग टिपतो. पाण्यात हरितद्रव्य जास्त, तिथे माशांना खाणं. ही माहिती आणि पाण्याचं तापमान जुळवून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे कुठे मिळतील ते कोळ्यांना फुकट कळवते. शोधाशोधीत जाळायचं डिझेल वाचतं. ही सेवा छोट्या होडीवाल्याला बाजारभावाने परवडणार आहे का?

राहिली जबाबदारी, आणि मेसेजमध्ये तिचं नावच नाही. २ एप्रिल २०२२, पाडव्याची रात्र. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आकाशातून धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. तपासायला गावात आले ते इस्रोचे शास्त्रज्ञ. १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या उद्योगालाही तिचा देशच जबाबदार. परवानगी त्याने द्यायची, पुढे लक्षही त्यानेच ठेवायचं. ते ठेवायला रॉकेट आतून-बाहेरून ओळखणारी माणसं सरकारच्या पदरी लागतात. आपल्याकडे परवानगी इन-स्पेस ही सरकारी संस्था देते, पण तिच्या पाठीशी कायदा नाही. कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये आला, पण त्याचा कायदा झाला नाही. मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर हा कायदा करा म्हणून ढकला.