दिवसाला फक्त चार रुपये

घासाघीस करून टीव्हीचे दोन हजार कमी करून घेतले की छाती फुगते. ती हवा बिलाच्या काउंटरवर निघते. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? 3 वर्षं, फक्त 4,400. दिवसाला चार रुपये, कटिंगसुद्धा येत नाही!"

हिशेब चोख आहे, पण त्यातलं पहिलं वर्ष कंपनीने आधीच फुकट दिलेलं असतं. उरलेल्या दोन वर्षांना भागलं की रोजचे सहा होतात. मग हळूच विचारावं, "पॅनेल धरून का?" तेवढ्यात सेल्समनला दुसरं गिऱ्हाईक दिसतं.

खरा जीव पॅनेलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यात. ते बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीचेच पैसे. बाकी दुखणी किरकोळ. आवाज येतोय, चित्र नाही? खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारा. आत पुसट माणसं हलताना दिसली तर पॅनेल शाबूत, बॅकलाइटच्या, म्हणजे पॅनेलला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या गेल्यात. 32 इंचीचा पट्ट्यांचा संच काही शे रुपयांत मिळतो, गल्लीतला मेकॅनिक बसवून देतो. त्या जळतात त्या बहुधा बॅकलाइट कायम शंभरावर ठेवल्याने. साठावर आणा, ही वॉरंटी फुकट आहे.

आता बारीक अक्षरं. पडणं-आपटणं, वीज, व्होल्टेज, ओल, गंज, मुंग्या, पाल : बहुतेक ठिकाणी यातलं काहीच धरत नाहीत. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात टीव्हीला जे जे होऊ शकतं ते सगळं वगळून उरलेल्याची हमी! शिवाय दुरुस्ती जमलीच नाही तर घसारा कापून पैसे, तेही कधीकधी त्याच दुकानाच्या व्हाउचरात.

माझं स्पष्ट मत, 32 इंचीला घेऊच नये. ते पैसे अर्थिंग आणि व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरवर घालावेत. 55 इंचांच्या पुढे किंवा ओएलईडी (बॅकलाइटशिवाय स्वतःच उजळणारा पडदा) असेल तर घ्यावी, पण कंपनीचीच, 'पॅनेलसह' असं लेखी आणि किमतीच्या सात-आठ टक्क्यांच्या आत. ओएलईडीवर दिवसभर बातम्या लावणाऱ्यांनी मात्र जपावं. 'ब्रेकिंग न्यूज'ची पट्टी पडद्यावर कायमची उमटली तर ती बहुधा वॉरंटीत बसत नाही.

घेतलीच, तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, थर्मल कागद वॉरंटीच्या आधी कोरा होतो. आणि टीव्हीमागचा सीरियल नंबर भिंतीवर टांगण्याआधी कागदाशी ताडून पाहा. नंतर मोबाईल फटीत घालून आंधळे फोटो काढत बसावं लागतं, आणि प्रत्येक फोटोत फक्त जळमटं येतात.