इंग्रजीतला 'डॉन' आपल्या 'दिन'वरून आलेला नाही

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मलाच तीन ठिकाणांहून आला. म्हणे पहाटेसाठी इंग्रजीत जो डॉन शब्द आहे (स्पेलिंग डी-ए-डब्ल्यू-एन) तो आपल्या संस्कृत 'दिन'चा अपभ्रंश, इंग्रज इथे आले आणि घेऊन गेले, आणि त्याचा अर्थ सूर्योदय. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट यापेक्षा कितीतरी छान आहे.

इंग्रज घेऊन गेले हे तर लगेच निकालात निघतं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली, आणि या शब्दाचं मूळ असलेलं जुन्या इंग्रजीतलं 'डागिअन' हे क्रियापद हजारेक वर्षांपूर्वीचं आहे.

आता 'दिन'चं बघू. डागिअन म्हणजे उजाडणं, आणि ते डे या शब्दाच्याच जुन्या रूपापासून बनलंय. जुन्या इंग्रजीतल्या अशा 'ग'चा पुढे 'व' झाला (स्पेलिंगमधला डब्ल्यू तोच), 'लागु'चा लॉ झाला, 'ड्रागान'चा ड्रॉ झाला, तसं डागिअनचं डॉ झालं, म्हणजे यात 'न' नव्हताच! उजाडण्याला आधी 'डॉइंग' म्हणायचे, त्याचं 'डॉनिंग' झालं, बहुतेक इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीमुळे, आणि मग त्यातलं इंग काढून डॉन उरलं. नाम म्हणून तर ते १६व्या शतकाच्या शेवटी दिसायला लागतं. ज्या 'न'मुळे 'दिन'ची आठवण येते तो असा मागाहून चिकटलाय.

आणि संस्कृत-इंग्रजी नातं खरं असतं तेव्हा त्याला नियम असतो. शब्दाच्या सुरुवातीला आपला 'द' असेल तर तिकडे 'ट' येतो: दश-टेन, दंत-टूथ, द्वि-टू. म्हणजे डॉन 'दिन'चा नातलग असता तर 'ट'ने सुरू झाला असता, 'ड'ने नाही. 'दिन'चं गोत शोधायचंच असेल तर ट्यूजडेमध्ये शोधा, तो वार जुन्या इंग्रजांच्या ज्या टिव देवाच्या नावाचा आहे ते नाव आणि आपला 'देव' एकाच मुळाचे, आणि 'दिन'सुद्धा त्याच घरातला.

राहिला सूर्योदय. डॉन म्हणजे सूर्य वर यायच्या आधीचा उजेड, आपलं झुंजुमुंजू किंवा तांबडं फुटणं. खगोलशास्त्रात त्याची सुरुवात सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना धरतात, आपल्याकडे अरुणोदय सूर्योदयाआधी चार घटका म्हणजे ९६ मिनिटं धरायचे, दोन्हीकडे सूर्य अजून दिसलेला नसतो.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे डागिअन अगदी आपल्या 'उजाडलं'सारखं वापरायचे, कोण उजाडलं ते सांगावंच लागत नाही. आणि पहाटेचं संस्कृतशी सख्खं नातं हवंच असेल तर तेही आहे, फक्त डॉनमध्ये नाही, ते ईस्टमध्ये आहे. ईस्ट आणि पहाटेच्या तीन देवी, म्हणजे लॅटिनमधली अरोरा, ग्रीक इओस आणि वेदांतली आपली उषस्, चौघी एकाच मुळाच्या.