‘पैसे पाण्यात’ या एक तारा रिव्ह्यूला मेडिकलवाल्याचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्या तक्रारी अशा: पोट साफ व्हायची गोळी मागितली तर आम्ही इसबगोलाच्या गोळ्या माथी मारल्या, दोन रात्री झोपताना ‘घोटभर पाण्याबरोबर’ घेऊनही पोट साफ झालं नाही, उलट फुगलं, आणि डबी आम्ही परत घेतली नाही.

डबीचं आधी सांगतो. फोडलेलं औषध परत घेऊन ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं का? बिलावर तसं छापलेलंच आहे.

आता तो घोट. या गोळीत आतड्याला डिवचणारं काही नसतं. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून फुगतो, त्याने मळ मऊ आणि भरीव होतो, मग आतडं तो आपणहून पुढे ढकलतं. पाणीच कमी पडलं तर खडा आणखी घट्ट होतो, क्वचित गोळी घशातही अडकते. म्हणून दर वेळी एक पूर्ण ग्लास, म्हणजे २४० मिलि तरी पाणी हवं, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

गुण यायला १२ ते ७२ तास लागतात. आतड्याला डिवचणारी बिसाकोडिलची गोळी रात्री घेतली की सकाळी काम होतं, पण ती रोज घ्यायची नाही. आपण ‘रोज चालेल असं द्या’ म्हणालात, म्हणून ती दिली नाही. भुसा बुळबुळीत लागतो, घशाखाली उतरत नाही, हेही आपणच सांगितलंत. नाहीतर मी भुसाच दिला असता. तो स्वस्त पडतो, आणि एका चमच्याचं काम करायला अशा सहा-सात गोळ्या गिळाव्या लागतात. धंदा बाजूला ठेवून सांगतो, मला स्वतःला भुसाच बरा वाटतो.

सुरुवातीला पोटात वायू धरतो, हे खरं. थोड्यापासून सुरू करून आठवडाभरात हळूहळू वाढवा. आपल्या बाकीच्या गोळ्या कोणत्या ते इथे चारचौघांत लिहीत नाही, पण त्यांच्यात आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

पोटात जोराच्या कळा येत असतील, उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा वारा सरणंही बंद झालं असेल, तर ही गोळी थांबवा. तेव्हा माझ्याकडे येऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

— दुकानमालक