मेजरला काही होत नाही म्हणे

२६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो तीनदा आला. तिसऱ्यांदा टाकला तो माझ्या मेहुण्यानं, आणि तो स्वतः हवालदार म्हणून पेन्शनीत आलेला आहे. मजकूर थोडक्यात असा: पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगानंतर भीती, दचकणं, झोपमोड असा मागं लागणारा मनाचा आजार, हा अमेरिकन सैनिकांचा. आपल्या जवानांना तो होत नाही, कारण आपल्याकडं एकत्र कुटुंब, देवधर्म आणि मावळ्यांचं रक्त आहे. आपले आजे-पणजे दोन महायुद्धं लढून आले, कुणी मनाच्या डॉक्टरकडं गेलं नाही. आज जे ‘ताण आलाय’ म्हणतात ते पेन्शन वाढवून घ्यायला. आणि असल्या गोष्टी बोलूच नयेत, जखम उकरली जाते, फौजेचं मनोबल खचतं.

मी कोल्हापुरात कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. बाप फौजी, मेहुणा फौजी, गाव गडहिंग्लजकडचं. आमच्याकडं रँक कुठलीही असो, सुट्टीवर आलेला माणूस गावाला ‘मेजर’च. त्यामुळं मेसेजमागचं प्रेम मला कळतं. मजकूर मात्र जवळजवळ सगळा चुकीचा आहे.

आधी ‘अमेरिकन आजार’. नाव अमेरिकन आहे, कबूल. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळं १९८० साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते आपल्या निदानपुस्तिकेत घातलं. पण बारसं उशिरा झालं म्हणून पोर उशिरा जन्मलं असं होत नाही. १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ झालेल्या, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यानं मन हादरलेल्या सैनिकांवर लिहिलं होतं. त्याही आधी, १८७१ मध्ये, अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड आणि धाप डा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं नोंदवून ठेवली होती, तेव्हा हृदयाचा विकार समजून.

आता ‘भारतीयांना होत नाही’. २०१५ मध्ये काश्मीर खोऱ्यात घरोघरी जाऊन एक मोठी पाहणी झाली. तिच्यात १९ टक्के प्रौढांमध्ये पीटीएसडीची लक्षणं आढळली. ते सैनिक नव्हते, सामान्य नागरिक होते. पण कुटुंब होतं, श्रद्धा होती, आणि तरीही. इतक्या लांब कशाला, २०१९ च्या महापुरानंतर शिरोळकडच्या लोकांना विचारा. पावसाची सर वाढली की रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन पाणी बघायला जाणारी माणसं मला माहीत आहेत. त्या सगळ्यांना आजार झाला असं मी म्हणत नाही. भीती अंगात कशी मुरते आणि एवढ्या-तेवढ्यानं कशी जागी होते, ते आपल्याकडंही दिसतं, इतकंच.

या मुद्द्यात एक कण मात्र खरा आहे, आणि तोच जास्त कामाचा आहे. अमेरिकन आकडे खरोखर मोठे असतात. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पहिल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्यांचं प्रमाण जवळजवळ ३१ टक्के निघालं. २००६ मध्ये लष्करी नोंदी ताडून तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा ते १८.७ टक्क्यांवर आलं. म्हणजे पहिला आकडा फुगलेला होता, पण दुसराही छोटा नाही. ब्रिटिश सैन्यात, इराक-अफगाणिस्तानच्या काळात, २०१० च्या अभ्यासात ४ टक्के आणि २०१८ च्या अभ्यासात ६ टक्के मिळाले. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकन सैनिकही लढले, आणि तिथलेही त्यांचे आकडे ब्रिटिशांपेक्षा मोठेच निघाले. फरक कुठून आला? मोजण्याच्या पद्धतीतून थोडा आला. शिवाय अमेरिकन सैनिक एका खेपेला वर्ष-सव्वा वर्ष आघाडीवर असायचे, ब्रिटिश साधारण सहा महिने. ब्रिटिश संशोधकांना असंही दिसलं की तीन वर्षांत तेरा महिन्यांहून जास्त काळ तैनातीवर राहिलेल्यांना हा त्रास जास्त होतो. तेव्हा रक्त तपासण्याआधी ड्यूटीचा तक्ता तपासा.

आणि त्या ६ टक्क्यांच्या पोटात आणखी एक आकडा आहे. प्रत्यक्ष लढाईच्या कामावर गेलेले आणि नंतर सैन्य सोडलेले, त्यांच्यात प्रमाण १७ टक्के होतं. वर्दी अंगावर असते तेव्हा पलटण असते, सोबती असतात, सकाळी पाचला उठवणारा असतो. वर्दी उतरली की हे सगळं एका दिवसात जातं. आपला जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतो आणि गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर उभा राहतो. ब्रिटनचा आकडा उचलून इथं चिकटवता येणार नाही. पण बघायचं कुठं, हे त्यावरून कळतं: सीमेवर बघतोच, गेटवरही बघायला हवं. यात उशिराचंही एक प्रकरण आहे. पीटीएसडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत आजाराचं पूर्ण चित्र घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा उभं राहतं. ‘तिथं होता तेव्हा ठणठणीत होता, आता काय झालं?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा.

एकत्र कुटुंबाचं काय? घरचा आधार खरंच उपयोगी पडतो. आघातानंतर आधार न मिळणं हा पीटीएसडीच्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे, असं अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत दिसलेलं आहे. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा, तीही मिळाली तर. म्हणजे हे औषध वर्षातले नऊ महिने त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो फोन, आणि फोनवर काय असतं? बांधाचा वाद, सात-बारावरचं नाव, सासू-सुनेची कुरबुर. रजेवर आला की त्याच एकत्र कुटुंबात एखादा मेजर मिरवणुकीत डॉल्बी सुरू झाला की मळ्यात निघून जातो, जेवणावळीत भिंतीला पाठ लावूनच बसतो, पोरानं मागून हाक मारली तरी अंगावर जातो. घरचे म्हणतात, ‘फौजी आहे, तापटच असतात.’ कुटुंब आधार देतं तसं झाकूनही ठेवतं. कॅन्टीनची बाटली रोज लागायला लागली तर तिचाही हिशेब कुणी ठेवत नाही.

आजे-पणज्यांचा मुद्दा लवकर संपतो. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात १९१५-१६ मध्ये १४७ दिवस अडकलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. त्यांतून जगून आलेल्यांच्या अवस्थेला तेव्हा धड नावच नव्हतं, तर ते कुठल्या डॉक्टरकडं जाणार होते? ज्यांचे पाय आघाडीवर अडखळले त्यांच्याकडं तर भ्याड म्हणून बघितलं जायचं. पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी पहिल्या महायुद्धात गोळ्या घातलेल्या, ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतल्या ३०६ सैनिकांना ब्रिटननं माफी दिली ती २००६ साली.

‘पेन्शनसाठी नाटक.’ नाटक करणारा एखादा असेलही, कुठल्या खात्यात नसतो? पण अभ्यास उलटीकडं बोट दाखवतात. इराकहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना नेहमीच्या नावानिशी होणाऱ्या तपासणीत विचारलं आणि नंतर निनावी विचारलं, तर निनावी उत्तरांत त्रास सांगणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट ते चौपट निघालं. लोक वाढवून सांगत नाहीत, दडवतात. का दडवतात तेही २००४ च्या एका अभ्यासात आहे: ज्यांच्यात त्रासाची लक्षणं होती त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना वाटत होतं की मदत मागितली तर आपण कमकुवत ठरू. हा मेसेज नेमकं तेच सांगतो, फक्त कौतुकाच्या आवाजात.

आणि आपली फौज मनाचा त्रास मानतच नाही असं कुणाला वाटत असेल, तर तेही खोटं. प्रत्येक फौजी छाती काढून ‘शेप-वन’, म्हणजे वैद्यकीय तपासणीत पूर्ण तंदुरुस्त, म्हणतो ना? त्या शेपमधलं पहिलं अक्षर ‘एस’, म्हणजे मानसिक अवस्था. कान, हात-पाय, डोळे नंतर येतात.

इथं समोरच्या बाजूलाही एक टपली. मेसेजला उत्तर म्हणून काही जण २०२२ मध्ये संसदेत दिलेला आकडा फेकतात: आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या, त्यांतल्या ६४२ भूदलात. आकडा खरा आहे आणि गंभीर आहे. पण आत्महत्या म्हणजे पीटीएसडी नव्हे. तिच्यामागं कर्ज, घरगुती भांडण, नैराश्य, दारू, रजा न मिळणं असं बरंच काही असू शकतं. सगळ्याला एकच लेबल लावलं तर उपायही चुकीचाच लागेल.

राहिला ‘बोलू नये’ हा सल्ला. त्यातही अर्धं खरं आहे. घटना घडल्यावर लगेच सगळ्यांना गोळा करून एकाच बैठकीत सगळं बोलून टाकायला लावण्याची पद्धत एके काळी फार चालायची. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की त्यानं पीटीएसडी टळत नाही, काहींना तर जास्त त्रास होतो. पण आजार झालेल्या माणसानं प्रशिक्षित माणसासोबत, आठवड्याला एक अशा दहा-बारा बैठकांत, ठरलेल्या पद्धतीनं त्या आठवणीला सामोरं जाणं ही वेगळी गोष्ट. त्यानं फरक पडतो. मात्र जादू होत नाही: सैनिकांवर झालेल्या अशा उपचारांचा २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निम्म्या ते ७० टक्के लोकांना जाणवण्याइतकी सुधारणा झालेली दिसली, पण उपचार संपल्यावरही साधारण दोन तृतीयांश लोकांचं निदान तेच राहिलं. झोप लागते, चिडचिड उतरते, पोरं जवळ यायला लागतात, आणि आजार थोडाफार सोबत राहतो. मधुमेहाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेहुण्याला मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही, घरी जाऊन सांगितलं. सोबत टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर दिला. तो कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. १४४१६ वर फोन जवानानंच करायला हवा असंही नाही. बायकोनं केला तरी चालतो, आईनं केला तरी चालतो.