‘नुसती केबल बदलली आणि पैसे घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एक्सटर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला दिसत नव्हती म्हणून आमच्याकडे दिली, आम्ही दुसऱ्या दिवशी परत दिली आणि केबल खराब होती म्हणून सांगितलं, लाईट तर लागत होती मग केबल खराब कशी, ड्रायव्हर (डिव्हाइस चालवायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) तुम्ही आधीच टाकून बघितले होते, फॉरमॅट मारून द्या म्हटलं तर आम्ही हेकेखोरपणा केला, आणि एवढं करून घरच्या डेस्कटॉपला पुढच्या पोर्टमध्ये डिस्क अजूनही येते-जाते. मुद्दे एवढे आहेत म्हटल्यावर उत्तरही लांबणार, आणि रिव्ह्यू बाकीचे लोकपण वाचतायत म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितोय.

पहिलं लाईटचं घेऊ, कारण ही शंका तुम्हालाच नाही, जवळजवळ प्रत्येकाला येते. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात, दोन पॉवरच्या (५ व्होल्ट आणि ग्राउंड) आणि दोन डेटाच्या. तुमच्या डिस्कची केबल ३.० ची, त्या चपट्या रुंद तोंडाची, तिच्यात आणखी पाच कनेक्शन असतात. लाईट लागायला आणि आतली मोटर फिरायला फक्त पॉवरच्या दोन तारा पुरतात. म्हणजे डेटाच्या तारा तुटल्या तरी लाईट झकास लागणार. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबल मिळतात त्यांच्यात तर डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, दिसायला मात्र अगदी सेम, आणि असली केबल लावून लोक दिवसभर पोर्टला शिव्या देत बसतात.

आता कॉम्प्युटर डिव्हाइस ओळखतो म्हणजे नक्की काय करतो ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. डिव्हाइस लावलं की ते डेटाच्या दोन तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढतं, म्हणजे तिचं व्होल्टेज चढवतं, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दारात कोणीतरी आलंय. मग तो नाव-गाव विचारतो: कंपनी नंबर काय, प्रॉडक्ट नंबर काय, तू स्टोरेज आहेस की कीबोर्ड की प्रिंटर. याला डिस्क्रिप्टर म्हणतात. उत्तर नीट आलं की तो डिव्हाइसला एक पत्ता देतो (एका कंट्रोलरवर असे जास्तीत जास्त १२७ पत्ते) आणि मग कुठे ड्रायव्हर शोधायचं काम सुरू होतं. उत्तर आलंच नाही किंवा तुटक आलं तर विंडोज थोडा वेळ परत परत विचारतो, मग नाद सोडतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंची विंडोजची यादी) ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं लिहून पिवळा त्रिकोण लावतो, कोड ४३. तुम्ही काउंटरवर जो स्क्रीनशॉट दाखवला होता त्यात हेच होतं. म्हणजे पॉवर पोचतेय, कोणीतरी आलंय हेही कळतंय, पण बोलणं अर्धवट तुटतंय. असं दिसलं की आम्ही सगळ्यात आधी केबल आणि सॉकेट बघतो, सॉफ्टवेअरला हात नंतर. तुमची केबल डिस्कच्या बाजूला प्लगपाशी जरा वाकवली की डिस्क यायची, सोडली की जायची. सॉकेटचं सोल्डरिंग सुटलं तरी असंच होतं, म्हणून दुसरी चांगली केबल लावून तिथेही हलवून बघितलं, सॉकेट पक्कं निघालं.

ड्रायव्हरचं म्हणाल तर पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, कार्ड रीडर असल्या स्टोरेजच्या वस्तूंसाठी ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. विंडोज ९८ च्या जमान्यात सीडी घालून बसायला लागायचं ते दिवस गेले. आणि मुख्य गोष्ट, जे डिव्हाइस आपलं नावच सांगू शकत नाही त्याला कुठला ड्रायव्हर द्यायचा हे विंडोजला कळणार कसं? अशा वेळी हार्डवेअर आयडीमध्ये खऱ्या कंपनीच्या नंबरऐवजी ००००, नुसती शून्यं दिसतात. तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं जे फुकट सॉफ्टवेअर आलं होतं त्याने यात काडीचा फरक पडणार नव्हता, उलट ते चांगले चालणारे ड्रायव्हर बदलून ठेवतं. ते काढून टाका असं डिलिव्हरीच्या वेळी सांगितलंय, परत सांगतो, काढा. प्रिंटर, स्कॅनर, जुनी काही मशिनं यांना कंपनीचा ड्रायव्हर लागतो हे खरं, पण तिथे कोड बहुतेक २८ दिसतो, म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. ४३ आणि २८ यात फरक आहे, आणि यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ दोन्हीला एकच उपाय सांगतात, अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा.

(रिस्टार्टने कधी कधी खरंच होतं हेही सांगायला पाहिजे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केलं तरी आतला बराच भाग झोपवून ठेवलेला असतो, रिस्टार्ट केलं तरच तो पूर्ण नव्याने उठतो. म्हणून ‘मी बंद करून चालू केला’ आणि ‘मी रिस्टार्ट केला’ या दोन गोष्टी वेगळ्या.)

आता खरा विषय, म्हणजे आम्ही ‘नुसती केबल’ बदलली हा. चांगली केबल लावल्यावर डिस्क ओळखली गेली हो, पण उघडली नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये (विंडोजचं डिस्क बघायचं टूल) साईज बरोबर दिसत होता, फाइल सिस्टिमच्या (कुठली फाइल कुठे आहे ती मांडणी) जागी ‘रॉ’, म्हणजे ती मांडणी विंडोजला कळत नाही, आणि विंडोज म्हणतोय की ही डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करा. फॉरमॅट करा असं तुम्ही म्हणालात ते हे वाचूनच. विंडोजचा हा मेसेज मला तरी अत्यंत बेजबाबदार वाटतो, कारण त्याला म्हणायचं असतं की ‘मला हे वाचता येत नाही’ आणि तो समोर बटण देतो पुसून टाकायचं. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली चांगली डिस्क लावली तरी विंडोज हेच विचारतो. तुमच्या केसमध्ये केबल मधेच तुटत असताना काहीतरी लिहिलं जात होतं, त्यात फाइल सिस्टिमच्या सुरुवातीच्या नोंदी बिघडल्या, फाइली जागेवर होत्या. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून बाहेरच्या डिस्कला ‘क्विक रिमूव्हल’ (‘सेफली रिमूव्ह’ न करता काढता येईल अशी सेटिंग) बाय डिफॉल्ट असतं त्यामुळे लोकांना वाटतं कधीही खेचा, काही होत नाही. लिहिणं चालू असताना कनेक्शन गेलं तर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून आम्ही आधी अख्ख्या डिस्कची सेक्टर टू सेक्टर (डिस्कचा प्रत्येक छोटा तुकडा जसाच्या तसा) कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतली, तुमच्या डिस्कवर काहीही न लिहिता. नंतर दुरुस्ती त्या कॉपीवर केली. बरेच जण सरळ चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) मारतात, पण ते मूळ डिस्कवरच लिहितं आणि डिस्क आतून थकलेली असेल तर उरलेलं पण जातं. तुमची थकलेलीच आहे. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नाहीत, म्हणजे काही जागा डिस्कला स्वतःलाच नीट वाचता येत नाहीयेत. १ टीबीची चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या स्पीडने वाचली तर पावणेतीन-तीन तासांत होते, पण असे कच्चे सेक्टर लागले की स्पीड एकदम पडतो आणि तेच तीन तासांचं काम रात्रभर चालतं. दुसऱ्या दिवशी दिली ती त्यामुळे. डिस्कमध्ये काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, तो तुमचा खाजगी मामला, पण घेताना तुम्ही फोल्डर उघडून बघितले आणि सगळं आहे म्हणालात एवढं नक्की. फॉरमॅटला नाही म्हणालो ते याच्यासाठी, आणि पुढच्या वेळी कोणी म्हणालं तरी आधी डेटा लागतो का हेच विचारणार, त्याला हेकेखोरपणा म्हणायचं असेल तर म्हणा. बिल परत एकदा बघा प्लीज, केबलची ओळ वेगळी आहे आणि तीच सगळ्यात लहान आहे, बाकी तपासणी आणि डेटाचं काम आहे, आणि काम सुरू करायच्या आधी फोन करून तुमचा होकार घेतला होता.

राहिला घरचा डेस्कटॉप. तो तुम्ही आमच्याकडे आणलेला नव्हता त्यामुळे न बघता ठाम सांगत नाही, पण पुढच्या पोर्टला येते-जाते, म्हणजे माझा पहिला संशय पॉवरवर. २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील असतो, ३.० चा ९००, आणि फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना क्षणभर याच्या आसपास किंवा जास्तही मागते. त्यात कॅबिनेटचे पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतून एका वेगळ्या वायरने जोडलेले असतात, ती वायर हलकी असते, कनेक्टर ढिले होतात, तिथेच व्होल्टेज पडतं. मग डिस्क टकटक आवाज करते, बंद पडते, परत सुरू होते. मागचे पोर्ट थेट बोर्डावर असतात, तिथे लावा. मधे अडॅप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) असेल तर तो काढा, कारण तो एका पोर्टची पॉवर सगळ्यांत वाटतो. डिस्क चालू होऊन काही वेळ पडून राहिल्यावरच गायब होत असेल तर मात्र ते पॉवर सेव्हिंग, पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघा.

बाकी जे वाचतायत त्यांना एवढंच, की काही दिसेनासं झालं तर आमच्याकडे यायच्या आधी डेटा जाणारी दुसरी केबल लावून बघा, मागचा पोर्ट बघा, आणि तीच वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. दुसरीकडे चालली तर डिस्क नका आणू, कॉम्प्युटर आणा. यात सुटलं तर आम्हाला एक रुपया द्यायचं कारण नाही. फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल, आणि टकटक आवाज येत असेल तर परत परत लावून बघू नका, तिथेच थांबा.

सर, स्टार तुम्ही द्यायचे ते द्या, त्यावर मी काही म्हणत नाही. फक्त एक काम लवकर करा, ती जुनी डिस्क आता एकट्या भरवशाची राहिलेली नाही, तेव्हा डेटा दुसरीकडे घ्या आणि डिस्कची वॉरंटी शिल्लक असेल तर आमचा स्मार्ट रिपोर्ट लावून कंपनीकडे क्लेम करा, तो बिलासोबत स्टेपल केलेला आहे. जुनी केबल तुम्ही सोबत नेलीत, ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका, नाहीतर घरात कोणीतरी तीच काढून परत लावणार. आणि मागच्या पोर्टलाही डिस्क येत-जात असेल तर डेस्कटॉप घेऊन या, पुढच्या पोर्टची आतली वायर तुमच्यासमोर काढून दाखवतो.