बायोडेटात 'हार्वर्ड' लिहायला सांगणाऱ्यांना

परवा भाचीचा बायोडेटा बघितला आणि डोकंच सणकलं. 'शिक्षण' या रकान्यात हार्वर्ड विद्यापीठ! डोंबिवलीच्या कॉलेजातली तीन वर्षांची बीएस्सी आयटी गायब. कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: हार्वर्डचा ऑनलाइन कोर्स केला की शिक्षणात हार्वर्ड लिहा, आयआयटीचा केला की आयआयटीयन म्हणा, मुंबई विद्यापीठाच्या डिग्रीला कोण विचारतं, आणि हे तपासत कोणीच नाही.

तिने केला तो सीएस५०, कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स. कोर्स हार्वर्डचाच, उत्तम आणि फुकट. पण त्याला प्रवेशप्रक्रिया नाही आणि शेवटी हार्वर्डची पदवीही नाही. मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर रोज बसलं म्हणून कोणी तिथला सभासद होत नाही.

संताप याचा, की पोरीने खरंच मेहनत घेतली होती. प्रोग्रॅमिंगच्या सी भाषेतला सुरुवातीचाच स्वाध्याय, मारिओ या व्हिडिओ गेममधला मनोरा. हॅशच्या चिन्हांनी पायऱ्या रचायच्या. डावीकडची मोकळी जागा चुकत होती म्हणून रात्री एकपर्यंत बसलेली मी तिला पाहिलंय. हेच 'इतर कोर्स'खाली लिहिलं असतं, तर मुलाखतीत त्यावर विचारलं असतं आणि तिने फाडफाड सांगितलं असतं. आता पहिलाच प्रश्न येणार, 'हार्वर्डला कोणत्या साली होतात?' तिथे ती काय बोलणार? खरं केलेलं कामही मग खोट्यात जमा.

कोणी तपासत नाही म्हणे! कित्येक कंपन्या मार्कशीट आणि पदवी मागतात, एजन्सीकडून व्हेरिफिकेशन करून घेतात. खोटं सापडलं तर हातातली ऑफर जाते.

आयआयटीयनचंही तेच. एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं, सर्टिफिकेट म्हणजे पवईच्या आयआयटीतला प्रवेश नव्हे. एक मात्र मान्य करावं लागेल, 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायची सोय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, केलेली आहे. पण पदवी आपल्याच विद्यापीठाची राहते.

आणि ती पदवी टाकाऊ नाही. यूजीसी कायदा, १९५६, कलम २२ वाचा. पदवी द्यायचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली कायद्यानेच स्थापन झालेलं आहे.

काल तिने बायोडेटा पुन्हा टाइप केला, कॉलेजचं नाव वर, सीएस५० खाली. दाजी, तो मेसेज तुम्ही टाकला होतात. ग्रुपवरून काढा, आणि पुढे ज्यांना पाठवलात त्यांनाही फोन करा.