‘डोकं शांत ठेवा’ एवढ्यावर भागत नाही

अस्थिर काळात ताणावर मात कशी करावी, हे सांगणारा एक संदेश ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा : यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा ८०, भावनिकदृष्ट्या हुशार माणूस नकारात्मक भावना मनात येऊच देत नाही, म्हणून तो अस्वस्थही होत नाही, आणि ताण परिस्थितीत नसतो, दृष्टिकोनात असतो.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५च्या पुस्तकात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असल्याचं लिहिलं. उरलेल्या ८० टक्क्यांत त्यांनी सामाजिक वर्ग आणि नशीबही धरलं होतं. तेवढं सोयीस्करपणे गळालं.

घातक आहे तो मधला भाग, नकारात्मक भावना मनात येऊच न देण्याचा. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं, त्या समजून घेणं आणि हाताळणं, अशी तिची चार अंगं त्यांनी पुढे सांगितली. येऊ न देणं त्यात कुठेच नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या १९९३च्या प्रयोगात किळसवाणी चित्रफीत पाहताना काहींना चेहरा कोरा ठेवायला सांगितलं होतं. चेहरे कोरे राहिले, पण किळस कमी झाली नाही. उलट त्वचेवर मोजता येणाऱ्या उत्तेजनाच्या खुणा वाढल्या.

मग करायचं काय? ‘टेन्शन आलंय’ यावर न थांबता आत नेमकं काय चाललंय ते शोधायचं. नोकरी जाण्याची भीती असेल तर खर्चाचा हिशेब आणि नव्या अर्जांची तयारी करायला हवी. साहेब चारचौघांत बोलले ते लागलं असेल, तर त्यांच्याशीच बोलावं लागेल. आणि झोपच झाली नसेल तर दोन्ही गोष्टी उद्यावर ढकललेल्या बऱ्या. भीती, अपमान आणि थकवा एकाच शब्दात कोंबले की उपायही एकच सुचतो : दीर्घ श्वास घ्या. (श्वास घ्याच, त्याने बिघडत काही नाही.)

‘अस्वस्थ होत नाही’ हेही खरं नाही. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. निर्विकार परीक्षकांपुढे भाषण करताना, इतरांच्या भावना अचूक ओळखणाऱ्यांचं कॉर्टिसॉल (ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक) जास्त वाढलं. ज्याला समोरच्याचा चेहरा वाचता येतो, त्याला तो जास्त लागतोही.

राहिला दृष्टिकोन. अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांना २०१३मध्ये असं आढळलं, की प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहण्याचं कौशल्य परिस्थिती हाताबाहेर असते तेव्हा नैराश्य कमी असण्याशी जोडलेलं असतं. मात्र परिस्थिती बदलणं हातात असेल, तर तेच कौशल्य जास्त नैराश्याशी जोडलेलं दिसलं. आजारपणात किंवा वियोगात नजर बदलणं आधार देईल. रोज बारा तास राबवून घेतलं जात असेल, तर आधी तास बदलायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये ‘बर्नआउट’चा, म्हणजे कामाने पार गळून जाण्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाशीच जोडला. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर हा संदेश टाकणाऱ्या साहेबांनी त्याआधी हजेरीपट उघडून पाहावा.